बोगद्यातले सात सेकंद

२ मे, शुक्रवार. संध्याकाळ.

आज नव्या रोलर कोस्टरची पत्रकारांसाठी खास फेरी. एकशे नव्वद किलोमीटर बसने जायचं आणि तेवढंच परत यायचं. संपादकांनी मलाच पाठवलं. कारणं तीन: अनुभव, भाषा आणि बाकी सगळे रजेवर. पहिली दोन मी काढली, तिसरं त्यांनी सांगितलं.

कोस्टरचं नाव ‘झंझावात’. संस्कृतात झंझावात म्हणजे पावसासकट येणारं वादळ. पाऊस कुठे आहे, असं तिथल्या जनसंपर्क अधिकारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सर, तुम्ही आधी बसा तर खरं, डोळ्यांतून येईल. बाई हुशार आहेत.

रांगेत माझा नंबर सतरावा. सोळावा जाऊन बसला आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की सगळेच वार्ताहर वर गेले तर खालून निरीक्षण कोण करणार? तटस्थता हा आमच्या धंद्याचा पाया. बाजूला झालो. भीतीचा प्रश्नच नाही. शिवाय बुटाची नाडी सुटली होती.

कँटीनमध्ये कोस्टरकडे पाठ करून बसलो. ऊन त्या बाजूने येत होतं. खाली उतरलेल्यांच्या प्रतिक्रिया घेण्याचा प्रयत्न केला. एकाला ओकारी झाली, दोघे बोलण्याच्या अवस्थेत नव्हते, चौथा म्हणाला, आईला फोन करायचाय. मग माहितीपत्रकावर विसंबलो. चकचकीत कागद, नकाशासकट. अधिकृत म्हणजे अधिकृत.

३ मे, शनिवार.

लेख झाला. अडीच तासांत, एका बैठकीत. सदर ‘स्वानुभव’. माहितीपत्रकात ‘सात सेकंदांचा काळाकुट्ट बोगदा’ एवढ्यात गुंडाळलेल्या गोष्टीवर मी पाचशे शब्द काढले. तिसऱ्या वळणानंतर अंधार झाला आणि मला वडील आठवले, माझा हात धरून शाळेत सोडायला येणारे. वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो की वडील मला कधीच शाळेत सोडत नसत. ते काम आई करी. पण अंधारात हात कोणाचा आहे हे कुठे दिसतं?

संपादकांनी वाचला. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, तुम्ही बसलात? कमाल आहे बुवा. मी हसलो. हसणं म्हणजे विधान नव्हे.

मथळा त्यांनीच दिला: ‘बोगद्यातले सात सेकंद’. पुढच्या रविवारच्या पुरवणीत, पहिलं पान, माझ्या फोटोसह. पुरवणीचं पान मंगळवारीच छपाईला सोडायचं असतं. ती आधी छापून, गठ्ठे बांधून ठेवतात.

५ मे, सोमवार.

घरी लेख मोठ्याने वाचून दाखवला. ही (म्हणजे माझी बायको, दवाखान्यात नर्स आहे) शेवटपर्यंत गप्प होती. संपल्यावर तिने एकच विचारलं, चष्मा कुठे ठेवला होता? नर्स माणसांची ही खोड असते. बोलतात थोडं, पण सुई नेमकी शिरेत.

म्हणालो, खिशात. ती म्हणाली, बरं. तुम्ही आगगाडीत वरच्या बर्थवर झोपत नाही, म्हणून विचारलं हो.

कन्येच्या डोळ्यांत मात्र पाणी. ती एकोणीस वर्षांची आहे. येत्या १२ तारखेला तिची पत्रकारितेच्या अभ्यासक्रमासाठी मुलाखत. अर्जासोबत एक निबंध द्यायचा होता, तो तिने आज पहिल्यांदाच दाखवला. पहिलं वाक्य: ‘माझे बाबा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहीत नाहीत.’

हे वाक्य माझंच. ती आठ वर्षांची असताना तिने समुद्रावर निबंध लिहिला होता. समुद्र तिने पाहिलेला नव्हता. मी तो फाडायला लावला आणि त्याऐवजी आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर लिहायला लावला. दहापैकी चार गुण पडले. ती रडली. पण तत्त्व शाबूत राहिलं, आणि आज ते अर्जाच्या पहिल्या ओळीत आहे. मुलांवर संस्कार असे होतात.

रात्रीचं जेवण गेलं नाही. उकाडा असावा.

६ मे, मंगळवार. सकाळ.

विचाराअंती सगळं स्वच्छ झालं. न्यायशास्त्रात अभावाचे प्रकार सांगितले आहेत. मडकं घडण्याआधी नसतं. ते नसणं म्हणजे प्रागभाव. कुंभाराने मडकं घडवलं की प्रागभाव संपला. तेव्हा माझी फेरी खोटी नाही. तिचा फक्त प्रागभाव आहे. लोक आधी करतात आणि मग लिहितात. मी आधी लिहिलं, आता करीन. शनिवारी कोस्टर सर्वांसाठी खुला होतोय, लेख रविवारी येतोय. मध्ये अख्खा एक दिवस आहे. शनिवारी फेरी घेतली की रविवारचा शब्द न् शब्द खरा.

निश्चय: शनिवारी सहकुटुंब प्रस्थान. घरी सांगितलं की कन्येला मुलाखतीआधी जरा विरंगुळा. ती उडालीच. म्हणाली, बाबा, पहिल्या सीटवर आपण दोघं. तुला सगळं माहितीये, बोगदा यायच्या आधी मला सांग हं.

सांगीन म्हणालो.

संध्याकाळ. पान सोडलं. आता काळ्या दगडावरची रेघ.

पॅसेजमधला बल्ब गेला. बल्ब बदलण्याचं खातं घरात हिच्याकडे आहे, पण आज मी जाहीर केलं की यापुढे ते माझ्याकडे. उंचीचा सराव म्हणून. ही म्हणाली, कधी बदलताय? उद्या.

७ मे, बुधवार.

सराव सुरू. सोफ्याच्या हातावर बसून डोळे उघडे ठेवून पुढेमागे झुललो. अकरा वेळा. बाराव्या वेळी सोफा झुलला.

ऑफिसची लिफ्ट, पाचवा मजला ते तळमजला, कठडा न धरता. दुसऱ्या मजल्यापर्यंत उत्तम. मग कठडा धरला, पण केवळ सवयीने. सोबतच्या टायपिस्ट बाईंनी विचारलं, बसता का जरा?

गाडीची व्यवस्था झाली. मेव्हणा (हिचा धाकटा भाऊ) आपली गाडी काढणार. त्याला आम्ही सारथी म्हणतो, कारण त्याचं अर्धं आयुष्य त्या गाडीत गेलंय आणि उरलेलं गाडीखाली. गेल्या दोन वर्षांत ही गाडी कुठेही एका दमात पोचलेली नाही. एकदा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेली होती. पाहुणेच तिला ढकलत घरी घेऊन आले. मी म्हणालो, बाबा रे, शनिवारी तरी दगा देऊ नकोस. तो म्हणाला, भाऊजी, तुमच्यासाठी जिवाचं रान करीन.

बल्ब: उद्या.

८ मे, गुरुवार. दुपार.



हिचा तो चष्म्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून ऑफिसातून जनसंपर्क बाईंना फोन केला. बोगद्यात चष्मा काढावा की ठेवावा, एवढंच विचारायचं होतं. बाई म्हणाल्या, कुठला बोगदा, सर?

म्हणालो, तिसऱ्या वळणानंतरचा. सात सेकंदांचा.

बाई म्हणाल्या, अय्या, तो होय? तो दुसऱ्या टप्प्यात, सर. पुढच्या वर्षी मेमध्ये. माहितीपत्रक आधीच छापून झालं होतं ना. पण तुम्ही तर बसलात की त्या दिवशी, तुमच्या लक्षात आलंच असेल.

म्हणालो, आलंच.

दुपार, थोड्या वेळाने. शांतपणे विचार करता बोगद्याचाही हा प्रागभावच. पुढच्या मे महिन्यात माझा लेख अक्षरशः खरा ठरेल. अडचण फक्त या रविवारची आहे.

संध्याकाळ. छपाईखान्यात गेलो. पुरवणी छापून झालेली. गठ्ठे छतापर्यंत, प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या पानावर माझा फोटो. फोटोत मी निश्चिंत दिसतो. छपाईखान्याच्या फोरमनला सहज विचारलं, एखादी पुरवणी काही कारणाने वाटली गेलीच नाही, असं कधी झालंय का? तो म्हणाला, एकदा. आग लागली होती.

आगीचा विचार मनात आला, हे केवळ प्रामाणिकपणासाठी नोंदवतो.

९ मे, शुक्रवार.

नवा निश्चय. आता फेरी घेणं महत्त्वाचं नाही. आता फेरी न होणं महत्त्वाचं. कन्येने कोस्टर पाहता कामा नये. निदान १२ तारखेची मुलाखत होईपर्यंत.

सकाळी आजारी पडलो. हिने पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. १२० बाय ८०. इतका आदर्श रक्तदाब मला आयुष्यात कधी नव्हता. ताप नाही, नाडी सुरळीत. ही म्हणाली, तुम्हाला झालंय काय ते सांगू का? म्हणालो, नको.

कन्येला म्हणालो, अभ्यास सोडून हुंदडणं बरं नव्हे. ती म्हणाली, बाबा, हाच अभ्यास आहे. मुलाखतीत तुझ्या लेखाबद्दल बोलणार आहे मी. तू लिहिलेली प्रत्येक गोष्ट आधी स्वतः बघून घेते.

संस्कार जरा जास्तच झाले.

पण घाबरण्याचं कारण नाही. सारथ्याची गाडी आहे. चाळीसाव्या किलोमीटरला ती रस्त्याच्या कडेला उभी राहील, साठाव्याला आडवी होईल. दैवावर भरवसा ठेवला की माणूस शांत झोपतो. झोपलो नाही.

१० मे, शनिवार. सकाळी ६.१०

प्रस्थान. सारथी पुढे, मी त्याच्या शेजारी, मायलेकी मागे. निघता निघता मी चष्म्याचं घर विसरलो म्हणून परत वर गेलो, मग छत्री, मग गॅस बंद आहे का ते पाहायला. तिसऱ्या वेळी ही खिडकीतून म्हणाली, अहो, आता घरच घेऊन या. वीस मिनिटं मिळवली.

७.४५

पासष्ट किलोमीटर झाले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चाललीय. खडखड नाही, धूर नाही. सारथी स्टिअरिंगवर थाप मारून म्हणतोय, भाऊजी, तुमचा पायगुण! काल रात्री दोघा मेकॅनिकांना बसवून सगळं उघडून परत लावलं. म्हटलं तुम्ही कधी नव्हे ते काही मागितलंत.

एरवी हा माणूस सांगितलेलं एक काम करत नाही.

८.५०

टायरमधली हवा तपासायला लावली. ठीक. पाऊण तासाने पुन्हा तपासायला लावली. ठीक. चहासाठी दोनदा थांबवलं, लघुशंकेच्या नावाखाली तीनदा. खरी शंका लघु नव्हती. ही म्हणाली, घरी गेल्यावर साखर तपासून घेऊ तुमची.

९.३०

फाटा आला. उजवीकडचा रस्ता डोंगराला वळसा घालून जातो, दीड तास जास्त लागतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणालो, उजवीकडे घे, जवळचा रस्ता आहे, २ तारखेला बस इथूनच गेली. (बसमध्ये मी झोपलो होतो.) सारथी म्हणाला, नक्की ना? मी म्हणालो, माझ्यावर विश्वास नाही? मागून कन्या म्हणाली, मामा, बाबा पाहिल्याशिवाय बोलत नाहीत.

१०.०५

डोंगरातून नवा रस्ता काढलाय. मागच्याच आठवड्यात सुरू झाला. गुळगुळीत. आम्ही चाळीस मिनिटं आधी पोचतोय. सारथ्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, मानलं तुम्हाला.

१०.४०

गेटवर. देव आहे की नाही या प्रश्नावर मी आजवर तटस्थ होतो. आता खात्री झाली की आहे, आणि त्याला विनोद आवडतो.

११.३०

रांगेत. कोस्टर समोरच. आज पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहतोय. मागच्या वेळी कँटीनमध्ये पाठ होती. वरपासून खालपर्यंत उघडंबोडकं लोखंड. बोगदा तर सोडाच, झाडाची सावलीसुद्धा कुठे पडत नाही. गाडी वर चढते तेव्हा आतली माणसं मुंग्यांएवढी. मग ती खाली पडते आणि मुंग्या ओरडतात.

कन्येने माझा लेख मोबाइलवर घेतलाय आणि बोटाने वळणं मोजतेय. हे एक, हे दोन, तिसरं ते तिकडचं. बाबा, बोगदा कुठून सुरू होतो? मी म्हणालो, खालून दिसत नाही.

मग सुचलं. प्रतिभा अशीच संकटात जागी होते. म्हणालो, हे बघ, तिसरं वळण सुरू झालं की डोळे गच्च मिटायचे आणि सात आकडे मोजायचे. जाणकार असंच करतात. अंधाराचा खरा अनुभव डोळे मिटल्यावरच येतो. ती म्हणाली, पण बोगद्यात अंधारच असतो ना? मग डोळे कशाला मिटायचे? म्हणालो, त्यानेच तो पूर्ण होतो.

ही पर्सचा पट्टा गळ्यात अडकवत होती. म्हणाली, छान. मी इंजेक्शन देताना पेशंटला हेच सांगते.

१२.२०

आमचा नंबर. कन्या पहिल्या सीटवर जाऊन बसली आणि शेजारच्या सीटवर हात ठेवला, गर्दीत जागा धरतात तसा. माझ्यासाठी.

म्हणालो, मी एकदा बसलेलोच आहे. अनुभवी माणसाने नवख्यांना वाव द्यावा. शिवाय चष्मे सांभाळायला कोणीतरी हवं. हिचा, सारथ्याचा, माझा. तीन चष्मे म्हणजे जबाबदारी आहे.

कन्येने माझ्याकडे पाहिलं. मग सीटवरचा हात काढला. ही जाऊन तिथे बसली. सारथी मागच्या सीटवर.

खाली उभा राहिलो. दोन चष्मे डाव्या हातात, आणि स्वतःचाही काढून उजव्या हातात घेतला, म्हणजे वर काय चाललंय ते दिसणार नाही. ऐकू मात्र आलं. हिचा आवाज ओळखू आला. ती खो खो हसत होती. लग्नानंतर तिला असं हसताना मी दोनदाच ऐकलंय.

१.०५

सगळे खाली. सारथी पांढराफटक. कठड्याला धरून उभा राहिला आणि पहिला श्वास घेऊन म्हणाला, भाऊजी, तुमचा तो बोगदा कुठे गेला हो?

माहितीपत्रक, दुसरा टप्पा, उन्हाचा कोन, सगळं एकदमच जिभेवर आलं आणि काहीच बाहेर पडेना.

तेवढ्यात कन्या म्हणाली, होता की मामा. तुझे डोळे मिटलेले होते.

सारथी म्हणाला, हां, ते खरं. पहिल्यापासूनच.

हिने कन्येकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हात पुढे केला आणि म्हणाली, चष्मा द्या.

१.३०

तंत्र यशस्वी! मुलीने डोळे मिटले आणि सात आकडे मोजले. तिला बोगदा दिसला, म्हणजे अनुभवला. कुणाचंही नुकसान नाही. सँडविच खाल्लं. दोन.

संध्याकाळी ६.४५

परतताना गाडी चार वेळा बंद पडली. आता काय उपयोग? चौथ्या वेळी मी आणि कन्येने मागून ढकलली. ती सबंध रस्ताभर काही बोलली नव्हती, दमली असावी. ढकलता ढकलता एकदम म्हणाली, बाबा, गच्चीवर ती टाकी अजून आहे का रे?

आहे म्हणालो. गळते जराशी.

मला चार मार्क पडले होते, ती म्हणाली.

म्हणालो, मार्कांचं काय घेऊन बसलीस, तत्त्व महत्त्वाचं.

तिने गाडीला असा रेटा दिला की गाडी सुरूच झाली आणि मी रस्त्यावर बसलो.

११ मे, रविवार.

पुरवणी आली. फोटो चांगला छापलाय. सकाळपासून सात फोन. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक जिन्यात भेटले आणि म्हणाले, वडिलांवरचा भाग वाचून रडलो हो. मी म्हणालो, मीही. लिहिताना डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, ते आता आठवलं.

संपादकांचा फोन: पुढचा ‘स्वानुभव’ पॅराशूट. बघू म्हणालो.

पुरवणी वाचून झाल्यावर हिने ती कपाटाच्या खणात अंथरली. लेखाची बाजू खाली.

कन्या खोलीत मुलाखतीची तयारी करतेय. दार लावून. तिला हाक मारून म्हणालो, माझ्यावरचं ते वाक्य सुरुवातीलाच घे, उठाव येईल. आतून म्हणाली, बघते.

बल्ब: उद्या नक्की. पॅसेजमध्ये आज दोनदा ठेचकाळलो.

१२ मे, सोमवार. सकाळी १०

ती गेली. दारात वाकून चपला घालताना म्हणाली, बाबा, त्यांनी विचारलं तर?

काय विचारलं तर?

काही नाही, म्हणाली आणि गेली.

दुपारी १

ऑफिसात तीन पत्रं, ईमेलने आलेली, छापून काढलेली. एक वाचक लिहितात, बोगदा शोधण्यासाठी दोनदा बसलो, मुलगा तिसऱ्यांदा बसतोय. दुसरे विचारतात, आपला बोगदा कोणत्या कोस्टरमध्ये आहे? तिसऱ्यांनी नकाशा काढून पाठवलाय. तिन्ही पत्रं खणात ठेवली. लोकांना साहित्य कळत नाही.

संध्याकाळी ५.३०

कन्या आली. पॅसेजमध्येच उभी राहिली, अंधारात. तोंड दिसत नव्हतं. ही ओट्यापाशी होती, तिने नळ बंद केला.

मी म्हणालो, सांगितलंस ना ते वाक्य?

ती म्हणाली, मुलाखतीला तिघं होते. मधल्या सरांसमोर कालची पुरवणी. वडील हेच का, म्हणाले. हो म्हटलं. ते म्हणाले, आम्ही काल मुलांना घेऊन त्यात बसलो, आम्हाला तो बोगदा काही सापडला नाही. तू सांग, आहे का?

बोलण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण तिने मध्ये जागाच ठेवली नाही.

ती म्हणाली, मी म्हटलं, नाही सर. बोगदा नाही. मी शनिवारी पहिल्या सीटवर होते आणि शेवटपर्यंत डोळे उघडे होते माझे. मग ते म्हणाले, वडिलांच्या विरुद्ध बोलतेस? मी म्हटलं, त्यांनीच शिकवलंय. मी आठ वर्षांची असताना त्यांनी मला न पाहिलेला समुद्र फाडायला लावला होता.

मग? मी विचारलं.

मग काही नाही. बाहेर बसा म्हणाले. यादी उद्या.

मग म्हणाली, शनिवारी मामासमोर खोटं बोलले ते एकदाच, बाबा. पुन्हा नाही बोलणार. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

आणि माझ्या अंगावरून खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तांत्रिकदृष्ट्या पाहता वाक्य माझंच होतं. श्रेय

(हे पुरं करत नाही.)

१३ मे, मंगळवार.

यादी लागली. तिचं नाव आहे. वरून दुसरं.

संपादकांनी बोलावलं. समोर एकोणीस पत्रं, शिवाय जनसंपर्क बाईंचं एक, अतिशय नम्र. संपादक म्हणाले, एकच विचारतो. तुम्ही बसला होतात?

हसून चालणार नव्हतं. नाही म्हणालो.

ते म्हणाले, उद्याच्या अंकात दिलगिरी. आजच हवी. तुम्हीच लिहा.

पॅराशूटचा विषय निघाला नाही.

घरी बसून पाच मसुदे केले. पहिला अकराशे शब्दांचा, अभावाच्या प्रकारांपासून सुरुवात. दुसऱ्यात माहितीपत्रकाचा दोष. तिसऱ्यात बुटाची नाडी. पाचवा फाडत होतो तेव्हा कन्या मागे येऊन उभी राहिली. खुर्ची ओढली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि चार ओळी लिहिल्या. कागद पुढे सरकवून म्हणाली, बघ, काही चुकलंय का.

चुका काढणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. वाचलं. पुन्हा वाचलं. एक स्वल्पविरामसुद्धा हलवता येईना.

१४ मे, बुधवार.

छापून आली. सातवं पान, खाली, उजव्या कोपऱ्यात. ‘रविवारच्या पुरवणीतील लेखात वर्णन केलेला बोगदा अस्तित्वात नाही. लेखकाने कोस्टरची फेरी घेतलेली नाही. त्याला त्याची भीती वाटते. वाचकांची क्षमा मागतो.’

‘स्वानुभव’ सदर बंद. उद्यापासून माझ्याकडे हवामान. ते खिडकीतून पाहता येतं.

संध्याकाळी ७

पॅसेजमध्ये पुन्हा ठेचकाळलो. म्हणालो, आज बदलतोच. ही म्हणाली, राहू द्या हो. म्हणालो, नाही. स्टूल आणलं. कन्या खोलीतून बाहेर आली, खाली बसली आणि स्टूल धरलं.

चढलो. काळोख होता. स्टूल डुगडुगलं तेव्हा तिने एका हाताने माझी पोटरी धरली. अंधारात हात कोणाचा आहे ते अगदी नीट कळत होतं.

सात सेकंद उभा राहिलो. मोजले.

उतरलो. बल्ब हिने बदलला.